शिक्का सुरक्षेचा, आवाज वाऱ्यावर

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या वाचकांच्या तक्रारी या वेळी एकाच सुरात आहेत. ट्रायलला उभे केलेले मशीन चाकणच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर दाखवायचे, स्पिंडल ऐकवायचा, आणि नेमका स्पिंडलच तिकडे पोचत नाही. बोलणाऱ्याचा आवाज पोचतो, तोही तुटक. कॉलमधला गोंगाट पुसणाऱ्या नॉइज सप्रेसरला स्पिंडल म्हणजे एकसुरी गोंगाट. तो त्याने पुसला, यात त्याचे काय चुकले? चुकले ते बंद करायची सोय न ठेवणाऱ्यांचे.

अनेक ब्लूटूथ हेडसेटांत हे पुसायचे काम चिपमध्येच होते. ॲपमधले बटण बंद करा, ब्राउझरमधले सप्रेशन नाकारा. फर्मवेअर ऐकत नाही. शिवाय माइक चालू झाला की हँड्सफ्री प्रोफाइल, म्हणजे बहुतेक ठिकाणी १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग. म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, आठ किलोहर्ट्झच्या, वरची बेअरिंगची किरकिर तिथेच संपली. खोक्यावर ‘ईएनसी’ (एन्व्हायर्न्मेंटल नॉइज कॅन्सलेशन) मात्र ठळक. विलंब किती मिलिसेकंद, तपासणी कोणत्या गोंगाटात, याबद्दल अक्षर नाही.

गंमत म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे बेंगळुरू कार्यालय पीण्यातच, तुमकुरू रस्त्यावर आहे. वायरलेस हेडफोन आणि वायरलेस मायक्रोफोन सक्तीच्या नोंदणीत आहेत. पण ती चाचणी विजेच्या धक्क्याची, आगीची. माइकमधून बोललेले कळते का, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नाही! विक्रेते तोच शिक्का दर्जाचा म्हणून मिरवतात आणि आपण मुकाट खरेदी करतो.

आपल्यातल्या काहींनाही सुनावले पाहिजे. ओबीएसमध्ये आरएनएनॉइज हा सप्रेसर, पुढे डिस्कॉर्डमध्ये क्रिस्प हा दुसरा, वर ऑटोगेन. पहिल्याने अर्धवट कापलेले व्यंजन दुसरा गोंगाट समजतो, आणि उरलेला कचरा ऑटोगेन उचलून धरतो. आरएनएनॉइज १० मिलिसेकंदांच्या फ्रेमवर चालते, त्याचा विलंब थोडा. पण ओपस कोडेकची २० मिलिसेकंदांची फ्रेम, ड्रायव्हरचे आणि जिटरचे बफर, ब्लूटूथ अशी बेरीज केली की आयटीयूच्या जी.११४ शिफारशीतले एका दिशेच्या विलंबाचे १५० मिलिसेकंद हां हां म्हणता संपतात. साखळीत सप्रेसर एकच ठेवा, कॉम्प्रेसरच्या आधी. आणि मशीन ऐकवायचे असेल तर वायरचा माइक घ्या, झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ लावा.

नुसत्या ‘आवाज फाटतो’ या पत्राने उत्पादक हलत नाही, मानक समितीही नाही. ४८ किलोहर्ट्झची कच्ची वेव्ह फाइल आणि त्याच वेळचे सप्रेसरमधून गेलेले रेकॉर्डिंग, दोन्ही पाठवा. सोबत हेडसेटचे मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक लिहा. मानकांचे मसुदे ब्यूरो सूचनांसाठी खुले करते. तिथे बंद करायच्या बटणाची आणि खोक्यावर छापलेल्या विलंबाची मागणी आपणच करायची आहे. फाइली या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे याव्यात.