गाठ निघाली, दातांची राखण बाकी आहे

शेतकरी बंधूंनो, शेतीखात्याच्या माणसाने दातांवर लिहावे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण फवारणीची तारीख आपण ध्यानात ठेवतो, लेकराच्या तपासणीची मात्र विसरतो, म्हणून हे लिहिणे.

लहान मुलांच्या जबड्यातही गाठ होते. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पुष्कळदा न उगवलेल्या दाताभोवती पाणी साचून पिशवी तयार होते. काही गाठी कॅन्सरच्या नसूनही हाड पोखरतात. गाल सुजतो, पण दुखत नाही म्हणून आपण महिनोन् महिने अंगावर काढतो. शेवटी नागपूर गाठतो, ऑपरेशन होते आणि घरचे म्हणतात, ‘सुटलो बुवा!’ माझे म्हणणे असे की, इथे अर्धेच काम झाले.

दुधाचे दात २०. त्यांच्या खाली हाडात कायमच्या दातांचे कोंब असतात. साधारण ६व्या वर्षी पहिली कायमची दाढ येते आणि १२-१३व्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून बाकीचे दात येतात. गाठ वाढताना हे कोंब बाजूला रेटते. ऑपरेशनमध्ये दुधाची दाढ काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि खालच्या दाताला वाटच उरत नाही.

यावर उपाय आहेत. पाण्याच्या गाठीला डॉक्टर कधी कधी फक्त खिडकी पाडतात. गाठ आकसते, हाड भरते आणि रेटलेला दात अनेकदा आपोआप वर येतो. नाही आला, तर त्याला तार लावून हळूहळू ओढतात. पडलेल्या दाताची जागा राखायला पट्टी बसवतात. दात कायमचे गेले असतील तर काढता-घालता येणारी कवळी देतात. मूल वाढते तशी ती बदलावी लागते. हाडात रोवायचे पक्के दात मात्र जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच.

संत्र्याच्या कलमाला काठी केव्हा बांधायची, हे तुम्हाला सांगायला नको. खोड वाकडे जून झाल्यावर बांधून काय उपयोग? दाताचेही तसेच. शिवाय काही गाठी काही वर्षांनी पुन्हा उठतात, म्हणून एक्स-रे चुकवू नका. कापूस वेचणी आठ दिवस पुढे-मागे होईल. दाताची वेळ थांबत नाही.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. ऑपरेशन झालेल्या मुलाचे नाव आशाताईंनी त्यांच्यापुढे ठेवावे. नागपुरात मेडिकलच्या आवारात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे जायला मायबापाची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते. ग्रामपंचायतीला महिला व बालकल्याणासाठी १० टक्के निधी राखावा लागतो. या भाड्याचा विचार तिथे का होऊ नये?

सुटी होताना डॉक्टरांना एकच विचारा, ‘पुढे केव्हा आणू?’ ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. कागदपत्रे आणि एक्स-रे एका पिशवीत जपून ठेवा. सातबारा जपता तसेच.