चौथीतून थेट सातवीत

मंडळी, एखाद्या लिनक्सवाल्याला विचारून बघा, ४.० नंतर काय येतं? सरळ माणूस ५.० म्हणेल. खवचट असेल तर ४.१. स्लॅकवेअर वापरणारा मात्र कसनुसं हसून ७.० म्हणेल. मे १९९९ मध्ये स्लॅकवेअर ४.० आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ७.०. मधले ५ आणि ६ कुणीही पाहिलेले नाहीत.

गेले कुठे? माझ्याकडे दोन-तीन थिअऱ्या आहेत. पहिली सदाशिव पेठी. आपल्याकडे दुकान १ ते ४ बंद असतं, यांचं १ ते ४ उघडं आणि ५-६ बंद. दुसरी शैक्षणिक. आमच्या वेळी स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. मधली दोन वर्षं कोण लक्षात ठेवतो? तिसरी मला जास्त पटते. स्लॅकवेअरची पाचवीच पुजली गेली नाही, त्यामुळे सटवीला त्याच्या कपाळावर काही लिहायची संधीच मिळाली नाही. १९९३ साली जन्मलेली ही डिस्ट्रो त्या काळच्या बऱ्याचशा मेल्या तरी अजून जिवंत आहे, ती उगाच नाही.

असो. खरं कारण यापेक्षा विनोदी आहे, आणि मला त्याचाच राग आहे.

स्लॅकवेअर म्हणजे पॅट्रिक व्होल्करडिंग. त्यानं स्वतःच कारण लिहून ठेवलंय. त्या वेळी रेड हॅट ६.० वर पोचली होती आणि याला लोक सारखे विचारायचे, तुमचं अजून ६ का नाही? त्याहून थोर मंडळी विचारायची, तुम्ही लिनक्स ६.० कधी घेणार? लिनक्स ६.०! कर्नल तेव्हा २.२ होतं, रेड हॅटमध्येही आणि स्लॅकवेअरमध्येही. म्हणजे इंजिन तेच, फक्त एकाच्या बॉनेटवर मोठा आकडा. शेवटी वैतागून त्यानं ७.० लिहिलं आणि वर माफी मागितली की मी पुरेसा सोवळा राहिलो नाही. प्रत्येक वेळी मोठा आकडा वाढवत गेलो असतो तर एव्हाना ४७ वर असतो, अशी कोपरखळीही मारली.

हा किस्सा सगळे हसत सांगतात. मला तो पराभव वाटतो. व्होल्करडिंगचा नाही, विचारणाऱ्यांचा. ज्या माणसानं सगळी डिस्ट्रो जवळपास एकट्यानं बांधली, त्याच्याशी बोलताना लोकांना पॅकेज कशी आहेत, सुरक्षेचं काय, लायब्ररी कुठली हे विचारावंसं वाटलं नाही. आकडा लहान का, एवढंच. आणि गंमत बघा, ७.० मध्ये खरोखर मोठा बदल होता. जुनी लिबसी-५ जाऊन ग्लिबसी आली होती, म्हणजे जुने प्रोग्रॅम आणि नवी सिस्टिम यांच्यामधला पायाच बदलला. एवढ्यावर ५.० हक्कानं मिळालं असतं. रेड हॅटनंही १९९७ मध्ये ५.० काढली ती ग्लिबसी आणूनच. म्हणजे त्यांचा आकडा अगदीच हवेतला नव्हता, हेही न्यायानं सांगायला हवं. स्लॅकवेअरनं प्रामाणिकपणे कमावलेला एक आकडा वरच्या दोन फुगवलेल्या आकड्यांखाली दडपला गेला. आता ७.० बघून कुणाला कळणार, त्यातलं खरं किती आणि हवा किती?

फ्लॅट घेतलेल्यांना हे लगेच कळेल. कार्पेट सहाशे, ब्रोशरवर साडेआठशे, आणि मधले अडीचशे स्क्वेअर फूट जिना, लिफ्ट आणि बिल्डरच्या कल्पनाशक्तीत. २०१६ च्या रेरा कायद्यानं निदान कार्पेट एरिया छापायला लावला. सॉफ्टवेअरला रेरा नाही.

'आकड्यात काय आहे यार, चिल' असं म्हणणारे भेटतातच. त्यांना माझं एकच म्हणणं आहे: रात्री अडीच वाजता सर्व्हरवर अपग्रेड मारायचा की नाही हे ठरवताना तुमच्या हातात दुसरं काय असतं? पहिला आकडा बदलला म्हणजे काहीतरी मोडणार, दुसरा बदलला म्हणजे बहुधा मोडणार नाही, एवढाच तो करार. सही नाही, स्टॅम्प पेपर नाही, फक्त शब्द. तो मार्केटिंगला भाड्यानं दिला की ऑपरेशन्सवाल्याकडे उरतं काय? नारळ.

एका क्लायंटनं आमच्या प्रॉडक्टचं २.३ बघून मीटिंगमध्ये विचारलं होतं, समोरची कंपनी ५ वर आहे, तुम्ही इतके मागे का? पुढच्या रिलीजला आम्ही ६.० झालो. बदल काय, तर दोन बग आणि लॉगिन स्क्रीनचा रंग. त्यांच्या ॲडमिननं मोठा अपग्रेड समजून अख्खा वीकेंड डाऊनटाइम घेतला. त्या बिचाऱ्याचा शनिवार-रविवार गेला, कारण त्याच्याच साहेबाला लहान आकडा खपत नव्हता.

गाळलेला प्रत्येक आकडा पाप आहे असं मात्र नाही. डेबियनला १.० नाही. १९९५ मध्ये एका सीडीवाल्यानं अर्धवट, चालू कामाची प्रत '१.०' म्हणून विकून टाकली. मग डेबियननं तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये सरळ १.१ आणलं, लोकांचा गोंधळ नको म्हणून. याला मी सभ्यपणा म्हणतो. उलटा प्रकार रेड हॅट ७.० चा. २००० साली त्यांनी जीसीसी २.९६ दिला, जो जीसीसीच्या लोकांनी कधी रिलीजच केला नव्हता! त्यांना जाहीर खुलासा करावा लागला की बाबांनो, अशी आवृत्ती नाही. पुढे ते २.९५ च्या मालिकेवरून थेट ३.० वर गेले.

सुसेवाल्यांची तर बातच न्यारी. २०१५ मध्ये ओपनसुसे १३.२ वरून एकदम लीप ४२.१, डग्लस ॲडम्सच्या त्या प्रसिद्ध बेचाळीसला सलाम म्हणून. आणि २०१८ मध्ये ४२.३ नंतर १५.०. म्हणजे पुढे जाण्यासाठी सत्तावीस पायऱ्या खाली उतरायचं! १५ का, तर त्यांच्या एंटरप्राइझ आवृत्तीशी जुळावं म्हणून. आणि एंटरप्राइझनं १२ नंतर १३, १४ का गाळले, तर ते अशुभ म्हणून. मुंबईतल्या काही टॉवरच्या लिफ्टमध्ये १२ नंतर थेट १४ चं बटण असतं. यांनी तेही काढून टाकलं. पण पॅकेज बांधताना जो सुसे-व्हर्जन मॅक्रो तपासतात, त्यात ४२ ची नोंद १३१५ होती आणि १५ ची १५००. माणसांना ४२, मशीनला १३१५. मशीनशी खोटं बोलायची हिंमत कुणाची होत नाही, कारण ते लगेच तोंडावर एरर फेकतं. आपण बिचारे टाळ्या वाजवतो.

माझा आवडता गाळलेला आकडा उबुंटूचा आहे. त्यांचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २००६ ची आवृत्ती एप्रिलात, म्हणजे ६.०४ म्हणून यायची होती. काम पुरं झालं नाही, जून उजाडला, तर त्यांनी नाव बदलून ६.०६ केलं. उशीर थेट नावातच! आपल्या हापिसात असतं तर जूनमध्ये ६.०४ आलं असतं, आणि एप्रिल म्हणजे नेमकं काय यावर एक मीटिंग झाली असती :)

राहता राहिला व्होल्करडिंग. पुन्हा आकडा फुगवणार नाही, असं वचन त्यानं तेव्हाच दिलं होतं. बाकीच्यांनी पुन्हा फुगवला तर मात्र सांगता येत नाही, ही पुस्ती जोडून. त्यानंतर ८, ९, १०, ११, १२ सगळे ओळीनं आले. सुसेला ज्याची भीती वाटली तो १३ सुद्धा २००९ मध्ये आला. १४.२ नंतर १५.० यायला २०१६ ते २०२२ अशी साडेपाच वर्षं लागली, तरी मध्ये उगाच कुठला आकडा काढून गर्दी जमवली नाही. एकदाच काय तो घसरला. २०११ मध्ये १३.१ नंतर त्यानं थेट १३.३७ काढलं. हॅकर मंडळी 'लीट' हा शब्द १३३७ असा लिहितात, तेवढ्यासाठी. पस्तीस आकडे गायब, पण मोठा आकडा तेराचा तेराच. एवढं माफ.