आजीच्या आजीचं नाव

दोस्तांनो, तुमच्या आजीच्या आजीचं नाव काय? अडलात ना! मग आजच वही घेऊन आजीशेजारी बसा.

नर्मदाकाठच्या मणिबेलीत १९९३ साली सरदार सरोवराचं पाणी घरांत शिरलं. काही कुटुंबं गुजरातेत गेली. पणजोबांचं अंगण नेमकं कुठे होतं, हे आता तिथली म्हातारी माणसंच सांगू शकतात.

कागद शोधाल, तर तिथेही गंमत! नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. आधीच्या कागदांवर धुळे, त्याहून जुन्यांवर पश्चिम खानदेश. गाव मात्र तेच! म्हणून आधी गावाचं नाव पक्कं विचारून घ्या. आणि हो, आजीचं माहेरही लिहा. सातबाऱ्यावर ते सापडायचं नाही. कुणी, कोणत्या तारखेला सांगितलं, तेही शेजारी टिपून ठेवा बरं का!