नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याभोवतीच्या पेढ्यांवर पै-पैचा मेळ रोज लागतो. मृत्युपत्र मात्र राहून जाते. ‘सगळीकडे नॉमिनी लावला आहे,’ एवढ्यावर घरचे वडीलधारे निश्चिंत असतात.

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तले. मृत्युपत्र होते, म्युच्युअल फंडांना नॉमिनीही होते. त्यांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला : शेअर नॉमिनीच्या नावे चढले, तरी तो मालक ठरत नाही, मालकी मृत्युपत्राने अथवा वारसा कायद्याने ठरते.

जैनांनाही १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत त्यांची आई, पत्नी, मुलगे व मुली समान वाटेकरी होतात. तीस वर्षे गादी सांभाळणाऱ्या मुलास जादा वाटा नाही.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य. नोंदणी ऐच्छिक, पण हितावह. रोकडवही खतावणीशी ताडतात, तशी नॉमिनीची नावे मृत्युपत्राशी ताडून घ्यावीत. मग संवत्सरीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ भावाभावांना घरातच म्हणता येईल. न्यायालयाच्या पायरीवर नव्हे.