नाण्यावर नसलेला तांडेल

उत्तनच्या एका स्नेह्यांकडे मला एक जुने चांदीचे नाणे हाताळावयास मिळाले. १८९८ साली पोर्तुगालने पाडलेले हे नाणे एक हजार रेइसचे असून वजनाने २५ ग्रॅम आहे. एका बाजूस राजा कार्लुश व राणी आमेलिया यांचे चेहरे, तर दुसऱ्या बाजूस क्रूस. भारताच्या शोधास चारशे वर्षे झाली, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्याचे हे स्मारक.

नाणे देखणे आहे, यात शंका नाही. पण ज्या देशात माणसे हजारो वर्षे नांदत होती, त्याचा 'शोध' कसला? हा प्रश्न नवा नाही. १९९८ साली पाचशे वर्षे भरली तेव्हा पोर्तुगालने पुन्हा स्मारक-नाणी काढली आणि गोव्यात निषेध झाले. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. नाण्यावर काय कोरले आहे यापेक्षा कोणाला वगळले आहे, हे मला अधिक बोचते.

आफ्रिकेला वळसा घालण्याचे गामाचे धाडस खरेच मोठे होते. ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण पुढे अरबी समुद्र ओलांडण्यासाठी त्याला मालिंदीच्या राजाकडून वाटाड्या घ्यावा लागला. तो गुजरातचा होता असे एक पोर्तुगीज इतिहासकार सांगतो. त्याच्या नावाविषयी मात्र आजही एकमत नाही. २४ एप्रिलला निघालेली जहाजे २० मे रोजी कालिकतपाशी नांगरली. परतताना गामाने वारा फिरण्याची वाट पाहिली नाही. तोच समुद्र ओलांडावयास जवळजवळ तीन महिने लागले आणि तीसएक खलाशी स्कर्व्हीने दगावले. चार आठवडे आणि तीन महिने, या दोहोंमधील अंतर म्हणजेच त्या निनावी माणसाची विद्या! वारा केव्हा फिरतो आणि होडी केव्हा लोटावी, हे आपल्या उत्तनचा कोणताही म्हातारा तांडेल आजही सांगेल.

राजाचा चेहरा चांदीवर आणि दर्यावर्दी कोठेच नाही, हा दोष केवळ परक्यांचा आहे काय? खाडीपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा त्यात यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा असे. त्यांची जहाजाचे चित्र असलेली नाणी पूर्वकिनाऱ्यावर सापडली आहेत. ती प्रामुख्याने शिशाची! मानाची धातू राजाला आणि हलकी धातू जहाजाला, ही वाटणी आपल्याही घरची आहे.

तरीही मला ते शिशाचे नाणे अधिक मोलाचे वाटते. कारण ते बाजारात, सामान्यांच्या हातांतून फिरले. आपल्या सरकारने २०१४ साली 'कोमागाता मारू'च्या सफरीची नाणी काढली. १९१४ साली व्हँकूवरच्या बंदरातून परत लोटलेल्या साध्या प्रवाशांची ती आठवण. म्हणजे सफरीचे नाणे विजेत्याचेच असावे लागते, असे नाही. त्यांतील शंभर रुपयांच्या नाण्यात निम्मी चांदी. पण असली नाणी संच म्हणून विकली जातात आणि संग्राहकाच्या पेटीत बंद होतात.

म्हणून माझी सूचना अशी की, त्या अनामिक वाटाड्याचे एक नाणे निघावे. ते चांदीचे नको. पाच-दहा रुपयांचे, भाजीवालीच्या गल्ल्यात खुळखुळणारे असावे. कोणी विचारील, ज्याचे नाव ठाऊक नाही, चेहरा ठाऊक नाही, त्याचे काय कोरणार? एक शीड कोरावे आणि वर एक तारा. त्याने तरी दुसरे काय पाहिले असेल?

तोवर 'भारताच्या सागरी मार्गाचा शोध कोणी लावला?' असा प्रश्न परीक्षेत आल्यास मी गामाचेच नाव लिहीन. गुण तर हवेतच! पण त्याखाली वाटाड्याविषयी एक ओळ जास्त लिहीन. प्राध्यापकमहोदयांनी ती कृपया खोडू नये.