पोरांना काय कळतंय!

फीडबॅक फॉर्मचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये कुणीतरी हे म्हणतंच : पोरांना काय कळतंय! त्यांना नोट्स हव्यात, आयएमपी हवेत, इंटर्नलला भरघोस मार्क हवेत. देईल तो चांगला सर, अडवेल तो वाईट.

या पूर्वपक्षाचा आवडता दाखला म्हणजे 'डॉ. फॉक्स'. १९७० साली अमेरिकेत एका नटाला हे नाव देऊन व्याख्यानाला उभं केलं गेलं. परस्परविरोधी विधानं, अर्थहीन शब्द आणि मधूनमधून विनोद, एवढाच ऐवज. तरी श्रोते खूश झाले. दाखला देणारे एक गोष्ट मात्र गाळतात. ते श्रोते पोरं नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षणक्षेत्रातली मुरलेली माणसं होती. भूल पडते ती सगळ्यांनाच, मग दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी का?

खरा घाव दुसरीकडून बसतो. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत कोणता विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाणार हे नशिबावर ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. तिथल्या निकालांवर कॅरेल आणि वेस्ट यांनी २०१० साली निबंध लिहिला. ज्यांना विद्यार्थ्यांनी वरचे गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या विषयात चमकले. पण त्यावर उभ्या असलेल्या पुढच्या विषयांत मागे पडले. हे झटकून टाकता येत नाही. पाया पक्का झाला की नाही, हे सत्र संपताना विद्यार्थ्याला कळत नाही, हे मान्यच करावं लागेल.

पण यावरून विद्यार्थ्याला चांगला शिक्षक ओळखताच येत नाही, असं ठरत नाही. केनेथ फेल्डमन यांनी १९८८ साली ३१ अभ्यास पडताळून पाहिले. चांगल्या अध्यापनात काय महत्त्वाचं, याबद्दल विद्यार्थी आणि प्राध्यापक यांची मतं बरीचशी जुळत होती. फरक होता तो असा : शिकवणं रंजक असावं, बोलणं स्पष्ट असावं, सर गरजेला भेटावेत, याला विद्यार्थी अधिक वजन देत होते, बुद्धीला आव्हान आणि कडक अपेक्षा यांना प्राध्यापक. आता यातली पोरांची कोणती मागणी उथळ म्हणायची? गरजेला भेटणारा सर हवा, ही?

आपल्याकडे तर प्रश्नच असे विचारतो की उत्तर उथळ यावं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातला पहिलाच प्रश्न आहे, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला? पोर्शन संपवतो तो चांगला शिक्षक, हा धडा आपणच द्यायचा, आणि वर पोरांना परीक्षेपलीकडे दिसत नाही म्हणून गळा काढायचा!

वर्गात बसणाऱ्यालाच दिसतं असं पुष्कळ असतं. सर तयारी करून आलेत की पिवळ्या पडलेल्या वहीतून उतरवून देताहेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने अडखळत मराठीत शंका विचारली, तर तिला मराठीत समजावतात की तेच इंग्रजी वाक्य जरा मोठ्याने म्हणतात. 'मला आत्ता सांगता येणार नाही, बघून येतो' म्हणतात का, आणि म्हटल्यावर खरंच बघून येतात का. असाइनमेंट वाचून शेरा मारतात की न उघडता सही ठोकतात. प्राचार्य, विभागप्रमुख, बाहेरून आलेली समिती, यांतल्या कुणालाही हे कळत नाही. समिती येते त्या दिवशी तर वर्ग रंगवलेलाच असतो. शिक्षकाचं ज्ञान अद्ययावत आहे का, हे मात्र विद्यार्थ्याला विचारू नये. ते त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासावं.

म्हणून विद्यार्थ्याकडे साक्ष मागावी, निवाडा नव्हे. पाचपैकी किती, हा निवाडा झाला, आणि तो पडतो दुबळ्यावर. कायम प्राध्यापकाचा फॉर्म फाइलला लागतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची नेमणूक मात्र दरवर्षी नव्याने व्हायची असते. अशा माणसाने इंटर्नलला हात सैल सोडला तर दोष कुणाचा?

फॉर्म सत्राच्या मध्यावर भरून घ्यावा, म्हणजे उरलेले तास तरी सुधारतील. आणि वर्षभराने, पुढचा विषय शिकून झाल्यावर, त्याच विद्यार्थ्यांना मागच्या सरांबद्दल पुन्हा विचारावं. हवाई दल अकादमीतल्या निकालाला यापेक्षा सरळ उत्तर मला तरी दिसत नाही.