अडाणी नेमकं कोण?

मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हे लोक ऐकतच नाहीत हो, अडाणी आहेत."

सांगितलं कुठल्या भाषेत, ते आधी बोला.

धारणी-चिखलदऱ्याच्या कितीतरी गावांत घरची भाषा कोरकू. ती मराठीची बोली नाही. तिचं कूळच वेगळं, मुंडा भाषांचं. डॉक्टर बऱ्याचदा बाहेरच्या जिल्ह्यातला. तो बोलणार मराठी, नाहीतर हिंदी.

"हिंदी येते की त्यांना!" येते ना, बाजारात भाव करण्यापुरती. पण अंगावरून किती जातंय, बाळ कधीपासून हललं नाही, हे त्या हिंदीत सांगता येतं का? मग मधे नवरा बोलतो, नाहीतर दहा वर्षांचा पोरगा. त्यांच्यासमोर बाई काय सांगणार? ती नुसती मान हलवते. डॉक्टरला वाटतं, कळलं. कागदावर अंगठा उमटला की संमती झाली! पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच समीरा कोहली खटल्यात सांगितलंय. न समजणाऱ्या भाषेतली माहिती पुरेशी कशी?

राग डॉक्टरांवर नाही. बाहेर रांग, हातात दोन मिनिटं, ते तरी काय करतील? गावात आशाताई निभावून नेतात. पण रात्री दोन वाजता अमरावतीला रेफर केलेल्या बाईचं तिथे कोण ऐकणार?

हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले. १९७०च्या दशकात, जंगलात, साधनं नसताना. त्यांना जमलं ते सरकारला का जमू नये?

मागण्या साध्या आहेत. मेळघाटातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि अमरावतीत तिन्ही पाळ्यांना पगारी कोरकू दुभाषी हवी. बारावी झालेल्या कोरकू मुली गावात आहेत, त्यांना शिकवा, नेमा. नव्या डॉक्टरला रुजू होतानाच कामापुरती कोरकू शिकवा. आणि गोळ्या देताना "कळलं का?" विचारू नका. "घरी गेल्यावर कशा घेणार, सांगा बरं" असं विचारा.

उद्या तुम्ही चेन्नईच्या दवाखान्यात पडलात आणि सगळे तमिळमध्येच बोलले, तर अडाणी कोण, तुम्ही?

पटलं तर शेअर करा. आपल्या आमदारांना टॅग करायला विसरू नका.